चमचाभर अंगारा

देवासात एकेकाळी दोन राजे होते, एक थोरल्या पातीचा आणि एक धाकट्या पातीचा. रस्त्याची एक बाजू एकाची, तर समोरची दुसऱ्याची. धारचे लोक हे आठवून अजून हसतात. देवासचे लोक म्हणतात, आमच्याकडे नोटा छापतात, तुमच्याकडे काय छापतात? इरावती देवासची होती आणि तिला दिली होती धारला, त्यामुळे हसणं आणि छापणं दोन्ही तिच्या संसारात आलं होतं.

सासर म्हणजे बसस्टँडमागच्या कॉलनीतलं तीन खोल्यांचं घर. पण त्यात राहणारे बापूसाहेब अजून दरबारात राहत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या तोषखान्यात, म्हणजे दागिन्या-वस्त्रांच्या कोठारात, कारकून होते. आजोबांच्या सांगण्यात ते दारोगा झाले, वडिलांच्या सांगण्यात कामदार, आणि बापूसाहेबांच्या सांगण्यात आता दिवाण व्हायच्या बेतात होते. सासरे आणखी दहा वर्षं जगले तर पणजोबा गादीवर बसतील, असं इरावती नवऱ्याला म्हणायची. चिराग हसायचा. चिरागला हसण्यापलीकडे फारसं काही येत नसे.

सासूबाई जमुनाबाई. त्यांच्याबद्दल इरावतीचं काही मत नव्हतं. ओट्याजवळ एक नऊवारी उभी असते आणि तिच्याकडून चहा येतो, एवढीच नोंद तिच्या डोक्यात होती. इरावती स्वतः चिरागबरोबर देवासलाच राहायची आणि तिथल्या हायर सेकंडरीत केमिस्ट्री शिकवायची. ज्याला समीकरण जुळवता येत नाही तो माणूस तिच्या लेखी अर्धाच असे, आणि या हिशेबानं धारच्या घरात सगळे मिळून एकही पूर्ण माणूस भरत नव्हता.

तिची मुलगी ऋतिका, म्हणजे चिऊ, दोन वर्षांची असताना आजारी पडली. ओकाऱ्या, गुंगी, मध्येच वेड्यासारखं रडणं. इंदूरच्या डॉक्टरणीनं रक्त तपासून निदान केलं: युरिया सायकलचा दोष. आपण डाळ, दूध, मटण काहीही खाल्लं की त्यातून अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढतं. चिऊच्या यकृतात त्या कामाची एक कडी जन्मापासूनच अधू होती. अमोनिया रक्तात साठला की मेंदूला चढतो, आणि फार चढला तर मूल परत येत नाही, किंवा येतं ते पूर्वीचं राहत नाही. म्हणून दोन गोष्टी करायच्या. प्रथिनं मोजून द्यायची, आणि एक पांढरी पूड रोज तीनदा, जेवणात कालवून, एक सपाट चमचा. ती पूड तो कचरा दुसऱ्या वाटेनं बाहेर काढते. चवीला खारट, कडसर, मळमळ आणणारी. पण तिच्यावर पोर जगत होतं.

इरावतीनं धारला जाऊन हे सगळं समजावून सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत, बापूसाहेबांसमोर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला आकृती काढून. आतून चहा आला. बापूसाहेबांनी तो बशीत ओतला, प्यायला, आणि म्हणाले, "अमोनिया? तो तर बर्फाच्या कारखान्यात असतो, सूनबाई."

"तोच तो. पण अंगातही होतो."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही. देवासकडून आलं असेल."

"दोन्हीकडून यावं लागतं, बापूसाहेब. आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं."

"अर्धं-अर्धं तर तुमच्याच गावात असतं," असं म्हणून बापूसाहेब स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की तो त्यांनी महिनाभर सगळ्या कॉलनीला सांगितला.

पुढच्या खेपेला त्यांनी नातीला वाटीभर मटणाचा रस्सा पाजला. पोरगी रोडावलीय, घराण्यातलं रक्त आहे, अंगात ताकद नको का? चिऊ तीन दिवस इंदूरच्या दवाखान्यात सलाइनवर होती. बापूसाहेब म्हणाले, शहरातलं पाणी बाधलं.

गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. इरावतीनं त्या दिवशी ठरवलं की या लोकांना पुन्हा म्हणून काही समजावायचं नाही. ज्यांना डॉक्टर कळत नाही त्यांना देव कळतो ना? मग देवच सांगायचा. तिनं धारला निरोप दिला की देवासच्या टेकडीवरच्या देवीला चिऊसाठी नवस बोललाय. पोर बारा वर्षांची होईपर्यंत उपासाचंच खाणार, म्हणजे साबुदाणा, बटाटा, फळं. शेंगदाणा या नवसात वर्ज्य. आणि रोज तीनदा देवीचा अंगारा.

त्या क्षणापासून धारच्या घरात चमत्कार झाला. डॉक्टरचा कागद ज्यांनी चहाच्या कपाखाली ठेवला होता, तेच आता चिऊ आली की घरात कांदासुद्धा चिरत नसत. बापूसाहेब पाहुण्यांना सांगत, "आमची नात सहा वर्षांची, पण उपास कडक. घराणंच तसं आहे." जमुनाबाई शेंगदाण्याची बरणी माळ्यावर टाकत. इरावती मनात हसायची. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि एवढ्या काळात चिऊला ती तासाभराच्या वर धारला एकटी कधी ठेवत नसे, त्यामुळे अंगाऱ्याचा डबा नेहमी तिच्याच हातात असायचा.

यंदा फेब्रुवारीत बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षा आल्या आणि तिची नेमणूक थेट नेमावरला झाली. नर्मदाकाठी, देवासपासून लांब, तीन दिवस मुक्काम. चिराग कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेला. माहेरी आई-वडील राहिले नव्हते. एरवी चिऊला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू भाचीच्या लग्नाला गेलेल्या. तिनं चिरागला फोन केला.

"अरे यार, मम्मीकडे ठेव ना," चिराग म्हणाला. "तीन दिन की तो बात है."

"तुझ्या मम्मीला काही कळतं का?"

"अंगारा तर कळतो," चिराग म्हणाला आणि हसला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणत सोमवारी सकाळी चिऊला पहिला डोस देऊन ती धारला पोचली. औषध तिनं तांब्याच्या छोट्या डब्यात भरलं होतं आणि डब्याला लाल दोरा बांधला होता. आपल्या या कलाकुसरीचं तिला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

जमुनाबाईंनी डबा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि उघडून पाहिला. "पांढरा कसा हो हा?"

"देवासच्या देवीचा पांढराच असतो, आईसाहेब."

"देवासचं सगळंच निराळं," बाहेरून बापूसाहेब म्हणाले.

"दिवसातून तीनदा," इरावती शाळेतल्या आवाजात सांगू लागली. "चमचा डब्यातच आहे. भरून, सपाट करून, खिचडीत कालवायचा. पूर्ण खिचडी संपली पाहिजे."

जमुनाबाईंच्या कपाळावर एक आठी पडली. "अंगारा? खिचडीत?"

"देवीनंच तसं सांगितलंय."

आठी तशीच राहिली. पण इरावतीला बस गाठायची होती, आणि त्या आठीमागे काही विचार असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

नेमावरहून ती दिवसातून तीनदा फोन करायची. "अंगारा दिला?" "दिला हो. आधी अंगारा, मग घास." "खिचडी संपवली?" "पोटभर जेवली हो." इरावती निश्चिंत. दुसऱ्या दिवशी तिथले केमिस्ट्रीचे सर चहा पिताना म्हणाले की मुलीला सोडून आलात, काळजी नाही वाटत? तेव्हा तिनं रंगवून सगळी गोष्ट सांगितली: तोषखान्यातला कारकून, बर्फाचा कारखाना, लाल दोरा. "औषध म्हटलं की हे लोक नाक मुरडतात, अंगारा म्हटलं की हात जोडतात," ती म्हणाली. सर इतके हसले की त्यांच्या बशीत चहा सांडला. आपण या जगात एकट्याच शहाण्या आहोत हे पुन्हा एकदा सिद्ध झाल्यासारखं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी दहाला जमुनाबाईंचा फोन आला. त्या स्वतःहून कधी फोन करत नसत.

"सूनबाई, चिऊनं काल संध्याकाळी उलटी केली. मला वाटलं, अपचन. आज सकाळपासून नुसती झोपून आहे. उठवलं तर मला म्हणते, आप कौन हो."

इरावतीच्या हातातली परीक्षानळी टेबलावर पडली आणि फुटली.

"देवीचं काही चुकलं का हो?" जमुनाबाई विचारत होत्या. "मी टेकडीकडे तोंड करून..."

"देवी राहू द्या! गाडी करा. इंदूरला, मागच्या वेळच्याच दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. जेवण नाही, दूध नाही, काही नाही. ऐकताय का तुम्ही?"

"ऐकते," जमुनाबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

नेमावर ते इंदूर भाड्याच्या जीपमध्ये साडेतीन तास लागले. खातेगाव गेलं, कन्नौद गेलं, चापड्याला फाटक नसूनही वाहनं अडली होती. इरावती सबंध रस्ता मनात एकच काम करत होती: कोणी काय केलं असेल ते शोधणं. म्हाताऱ्यानं पुन्हा रस्सा पाजला असणार. नाहीतर म्हातारीनं मायेनं पेढे भरवले असणार. मूर्ख. दोघंही मूर्ख. यांच्या तोषखान्याला आग लागो. पोरीला काही झालं तर या दोघांना मी जन्मात उंबऱ्याच्या आत घेणार नाही, असं ती ठरवत होती.

दवाखान्यात बापूसाहेब बाकावर ताठ बसले होते. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी. नात बेशुद्ध पडलीय आणि म्हातारा टोपी घालून आलाय. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. त्यांच्याकडे न बघता ती आत गेली.

चिऊ पांढरीफटक पडली होती. हाताला सलाइन. इरावतीनं हाक मारली तर पापण्या हलल्या, डोळे उघडले नाहीत. नेहमीच्या डॉक्टरणीबाई कागद घेऊन उभ्याच होत्या.

"अमोनिया तीन सौ के ऊपर है," त्या म्हणाल्या. "दवा बराबर चल रही थी?"

"एक भी डोज़ मिस नहीं हुआ. सोमवार दोपहर से आज सुबह तक, छह के छह."

डॉक्टरणीबाईंचा चेहरा उतरला. "पूरी दवा जाते हुए भी इतना? फिर तो दवा सँभाल नहीं पा रही. रुकने का मतलब नहीं. डायलिसिस की तैयारी करते हैं, गर्दन में नली डालनी पड़ेगी." त्यांनी नर्सला हाक मारली.

सहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात नळी. तेवढ्यात दारातून जमुनाबाई आत आल्या. त्यांनी पदराखालून तांब्याचा डबा काढला, डोळे मिटून पुटपुटल्या, आणि चिमूटभर पूड घेऊन चिऊच्या कपाळाला लावली.

इरावतीनं डबा हिसकावून घेतला. डबा जवळजवळ भरलेला होता.

"हे काय आहे?" ती ओरडली. "हे उरलं कसं? काय दिलंत तुम्ही तिला?"

"दिला ना. तिन्ही त्रिकाळ दिला." जमुनाबाई घाबरल्या होत्या, पण त्यांचा आवाज ठाम होता. "कपाळाला लावला, चिमूट जिभेवर ठेवली. खिचडीत कसा कालवणार सूनबाई? पोर निम्मी खिचडी टाकते. देवीचा अंगारा उष्ट्यात टाकायचा आणि खरकट्यात ओतायचा? असं पाप मी कधी केलं नाही."

"आणि खाल्लं काय तिनं?"

"उपासाचंच. खिचडी टाकायची म्हणून राजगिऱ्याचे लाडू दिले, दूध दिलं. शेंगदाण्याला हात लावला नाही. चिऊ म्हणाली होती, आजी ही दवाई आहे. मी तिला दटावलं, देवीच्या अंगाऱ्याला दवाई म्हणू नये."

डॉक्टरणीबाई मराठी समजत होत्या. इंदूरात अर्धा दवाखाना मराठी बोलतो. त्यांनी डबा इरावतीच्या हातातून घेतला, पूड बोटावर घेऊन पाहिली, आणि विचारलं, "अंगारा? यह किसने कहा कि अंगारा है?"

जमुनाबाई इरावतीकडे पाहत होत्या. अजून त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या फक्त उत्तराची वाट पाहत होत्या.

एक वाक्य पुरेसं होतं. सास पुराने ख़यालों की है, गलत समझ गईं. डॉक्टरणीला ते लगेच पटलं असतं. जमुनाबाईंनाही पटलं असतं, त्यांनी जन्मभर पाप डोक्यावर घेऊन देवीपुढे नाक घासलं असतं. वाक्य इरावतीच्या ओठांपर्यंत आलं. तेव्हा चिऊ कण्हली.

"मैंने कहा था," इरावती म्हणाली.

मग डॉक्टरणीबाई झटक्यात वळल्या. "मतलब दवा गई ही नहीं. तो नली अभी रुकवाओ. यही दवा नस से शुरू करते हैं, और चार घंटे में लेवल देखेंगे." जाता जाता त्या इरावतीजवळ थांबल्या. "आप तो पढ़ाती हैं ना?" एवढंच विचारलं, आणि उत्तराला थांबल्या नाहीत.

चार तासांनी अमोनिया दोनशेवर आला. रात्री त्याच्याही खाली. बापूसाहेब बाकावरून एकदाही उठले नाहीत. शेजाऱ्याच्या गाडीत दहा मिनिटांत पोरीला घालून त्यांनी आणलं होतं, आणि टोपी घालायची म्हणून थांबले नव्हते, ती सकाळपासून डोक्यावरच होती. हे शेजाऱ्याकडून ऐकलेलं नर्सनं सांगितलं. इरावतीला ते ऐकायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी चिऊनं डोळे उघडले. पहिल्यांदा ती म्हणाली, "भूक लगी है." मग आईकडे बघून, मग आजीकडे बघून म्हणाली, "आजी, तुझी साडी पिवळी का है?" इरावती रडली. ती दवाखान्यात असं रडेल असं तिला वाटलं नव्हतं. नर्सनं साखरपाणी दिलं, आणि दुपारी तोंडानं औषध सुरू करायचं ठरलं.

डोस आला तेव्हा इरावतीनं हात पुढे केला. पण जमुनाबाई उठल्या. त्यांनी बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, चमचा घेतला, पूड भरली, नर्सच्या ट्रेमधल्या लाकडी पट्टीनं सपाट केली, आणि डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. मग बटाट्याच्या लगद्यात कालवून एकेक घास चिऊला भरवू लागल्या. चिऊनं तोंड वाकडं केलं. "पूर्ण," जमुनाबाई म्हणाल्या. वाटी रिकामी झाली, बोटानं पुसून घेतली, ते बोटही चिऊला चाटायला लावलं.

"आईसाहेब," इरावती म्हणाली. "मला माफ करा. मला वाटलं, तुम्हाला समजणार नाही. एकदा समजावलं होतं, पण..."

"कुणाला समजावलं होतं?"

"बापूसाहेबांना."

"हां." जमुनाबाई वाटी विसळत होत्या. "त्यांना. मी आत होते. चहा मी पाठवला होता. आणि मग रस्सा मी केला. ह्यांनी सांगितलं, कर, मी केला. पोर दवाखान्यात गेली तेव्हाही मला कुणी सांगितलं नाही की माझ्या हातचं खाऊन गेली. ते काल रात्री नर्सनं सगळं समजावलं तेव्हा कळलं."

त्यांनी वाटी पुसून ट्रेमध्ये पालथी घातली.

"मला अंगारा कळतो सूनबाई, म्हणून तर मी तो उष्ट्यात कालवला नाही." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि औषधही कळतं. सकाळी अठरा, संध्याकाळी बारा. साखर तपासून कमी-जास्त. अकरा वर्षं झाली, ह्यांची सुई मीच देते. एक वेळ चुकली नाही. काल इकडे निघताना पोरीला एका कडेवर घेतलं आणि ह्यांची पिशवीही बर्फासकट घेतली. शिकलेली सून घरात आली तेव्हा मला आनंद झाला होता. म्हटलं, आता काही विचारायला माणूस मिळालं. तुम्ही मला चार वर्षांत एक गोष्ट सांगितली, आणि ती खोटी."

इन्सुलिनच्या पेट्या धारच्या फ्रिजच्या दारात वरच्या कप्प्यात असत. प्रत्येक वेळी गेल्यावर इरावती त्या पेट्या बाजूला सरकवायची आणि तिथे चिऊच्या खिचडीचे डबे लावायची. त्या कुणासाठी आहेत आणि कोण टोचतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"पुढचा डोस रात्री आठला," जमुनाबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा झोपा. मी आहे इथं."